बुडालेले पैसे काढून देणारे साहेब

सोफेवाला उभ्या आयुष्यात कुणाच्या बापाचं ऐकलं नाही. जुना सोफा दुरुस्तीला आला की आधी खालचं कापड उसवून आत काय आहे ते बघायचा, मगच भाव सांगायचा. आणि हाच शहाणा फोनवरच्या कुणा गोडबोल्याच्या नादी लागून घरची सगळी पुंजी क्रिप्टोत घालून बसला! ती बुडाली तरी घरात चकार शब्द नाही.

मग दुसरे साहेब उगवले. हे म्हणे तज्ज्ञ. बुडालेली क्रिप्टो हुडकून परत आणतात. पैसे सापडलेत, फक्त सोडवायची फी आधी भरायची. काय पण परोपकार! त्या फीसाठी सोफेवाल्याने शिलाईचं मशीन विकायला काढलं, तेव्हा कुठे बायकोपुढे पैसे बुडाल्याचं ओकला. मशीन गेलं की दुकानाला कुलूपच. तिने डोकं आपटलं, पण साहेबांपुढे बायकोचं कोण ऐकतो?

मशीन न्यायला टेम्पो यायचा होता, त्या सकाळी फोन वाजला. सोफेवाल्याचे हात गोंदाने भरलेले, म्हणून बायकोने घेतला.

“पडदेवाले शेठ आहेत का?”

“ते समोरच्या दुकानात. तुम्ही कोण?”

“मी रिकव्हरी एक्स्पर्ट. शेठचं नाव पोलिसांकडून मिळालं. फी आजच भरा, नाहीतर पैसे कायमचे अडकतील.”

तिने फोन आपटला. “अहो, पोलिसांत गेला होतात?”

“छे! लोक हसले असते.”

“मग याला पडदेवाल्याचं नाव कुणी दिलं?”

सोफेवाल्याचं तोंड एवढंसं झालं. पडदेवाल्याशी त्याचा छत्तीसचा आकडा. काही लफडं झालं तर तो निस्तरेल, म्हणून क्रिप्टोचं खातं या पठ्ठ्याने त्याच्या नावाने उघडलं होतं. तेही आता बायकोपुढे कबूल करावं लागलं.

“मला तर नुसतं शेठ, शेठच म्हणायचा,” तो पुटपुटला.

“आणि तुम्ही फुगलात! खात्यावरचं नाव कुणाला ठाऊक होतं?”

“ज्याने खातं उघडून दिलं, त्या पहिल्या फोनवाल्यालाच.”

“मग हा तोच, नाहीतर त्याचा भाऊबंद. खिसा कापायचा आणि पाकीट शोधून देतो म्हणून पुन्हा हात पसरायचा! मेल्यांना लाज कशी नाही?”

सोफेवाला मशीनपाशी जाऊन बसला.

“तो फोन करायचा ना, तोवर वाटायचं, पैसे गेले नाहीत. नुसते अडकलेत.”

तिच्या जिभेवर आणखी बरंच होतं. ते तिने गिळलं.

“गेले हो,” ती म्हणाली.

टेम्पो आला, तेव्हा सोफेवाला स्वतःच उठून दारात गेला.

“मशीन विकायचं नाही,” तो म्हणाला. “फसवलं मला.”