तोफेच्या ओट्यावरचा जवळा

हे मी घरीसुद्धा कधी बोललो नाही. उत्तनच्या चौक गावाजवळच्या टेकडीवर जो फलक आहे, त्यावर ‘ओसाड टेकडी’ हे शब्द मी लिहिले, आणि ते खोटे आहेत हे लिहिताना मला माहीत होतं.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. आम्ही मुंबईतली खोली विकून मीरा रोडला फ्लॅट घेतलेले लोक. रविवारी काय करायचं, तर इतिहास. सोसायटीतल्या हौशींचा ग्रुप घेऊन उत्तनची बस पकडायची, टेकडी चढायची. वर दुसऱ्या महायुद्धात बांधलेला तोफेचा गोल सिमेंटचा ओटा, मधोमध गंजलेले बोल्ट. मी हात पसरून सांगायचो: तोफेचं तोंड इकडे, खाडीच्या मुखाकडे, शत्रूचं जहाज काही आलं नाही, सुटले ते सरावाचे गोळे. लोक माना डोलवायचे. मला फार बरं वाटायचं.

त्याच ओट्यावर गावातली एक म्हातारी जवळा वाळत घालायची. पहिल्याच दिवशी ओरडली, “ए सायेब, पाय संभाल! तोफ गेली कवाच, आता जवला हाय.”

पुढे एकदा मी एकटाच गेलो, तेव्हा तिने बसवून घेतलं. “ह्यो माज्या बापाचा वालाचा शेत. गोरा सायेब म्हनला, लडाई सरली का परत देवू. बाप दर साली बी घेवन वर येयाचा, शिपाई हाकलून देयाचा. मंग तोफ गेली, शिपाई गेला. सिमिट ऱ्हायला. सिमिटात वाल उगवतो काय? म्हून मी जवला सुकवते.”

मी हळहळलो. येताना तिने दिलेला जवळा घरी आणला, चटणी करून खाल्लासुद्धा.

मग सोसायटीच्या हॉलमध्ये आमच्या ग्रुपची बैठक झाली. एक जण तावातावाने म्हणाला, “अरे, हेरिटेज आहे यार ते! तिथे मच्छी कसली सुकवतायत? कुत्री फिरतात, वास मारतो.”

दुसरा म्हणाला, “जागा काय तिच्या बापाची आहे?”

सगळे हसले. उत्तर फक्त मला ठाऊक होतं. मीही हसलो.

आम्ही तारेचं कुंपण घालून घेतलं. फलक लावला त्या दिवशी ती जवळ्याची रिकामी टोपली घेऊन आली आणि थेट माझ्यासमोर उभी राहिली. “तुला म्हायती हाय ना रं? सांग त्यांना.”

मी म्हणालो, “मावशी, जरा बाजूला व्हा, फोटो चाललाय.”

“माजा बाप बंदुकवाल्या शिपायाला घाबरला,” ती म्हणाली. “तू कोनाला घाबरला?”

कोणाला? लिफ्टमध्ये भेटणाऱ्या चार टाळक्यांना! आज त्यातला एकही माझ्या संपर्कात नाही. इतिहास इतिहास करत घसा कोरडा केला, आणि तो इतिहास जिने भोगला तिलाच तारेबाहेर काढलं. गोऱ्या साहेबाने निदान परत देतो एवढं खोटं तरी सांगितलं. आम्ही तर जमीन कोणाची होती हेच पुसून टाकलं. आणि ते सुंदर अक्षरात पुसलं मी, हौसेनं, कोणी बळजबरी केलेली नसताना. थू.

त्या दिवसानंतर मी टेकडी चढलेलो नाही. ती आहे की गेली, हे विचारायचीही हिंमत झाली नाही.

फलकावरचा ‘ओसाड’ हा शब्द खोडायचा, आणि इथे तिच्या बापाचं वालाचं शेत होतं हे तिच्या गावासमोर, तिच्या माणसांसमोर उभं राहून सांगायचं. एवढं मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.