काठीवरचा लाल दोरा

तानीबाईंनी आमच्या निपाणीच्या घरात सव्वीस वर्षं धुणीभांडी केली. सगळं काम उकिडवं बसून. चहासुद्धा मोरीच्या कडेला, जमिनीवरच. आम्ही त्यांना कधी खुर्ची दिली नाही, त्यांनीही मागितली नाही.

मागच्या वर्षी त्या पडल्या आणि खुबा मोडला. बेळगावात कृत्रिम खुबा बसवला. त्यांची लेक पारमिता नर्स. तिनं आईच्या काठीला, गुडघ्याच्या चार बोटं वर येईल असा, लाल दोरा बांधला.

"आई, बैठक ह्या दोऱ्याच्या खाली असली तर बसायचं न्हाय. मांडी न्हाय, उकिडवं न्हाय, वाकायचं न्हाय. तीन महिने जप. न्हायतर खुब्याचा गोळा वाटीतनं भाईर येतोय."

"विहारात घेतलेली पाच शीलं हुती, लेकीनं सहावं घातलं," असं तानीबाई हसून सांगायच्या. कुठंही गेल्या की आधी काठी उभी करून खुर्ची मोजायच्या. कोपऱ्यावरचा दुकानदार चेष्टा करायचा, "तानीआक्का, इकत घेताय काय खुर्ची?"

दुसरा महिना सरत होता, आणि माझ्या सासूबाई गेल्या. तिसऱ्या दिवशी तानीबाई भेटायला आल्या. मयताच्या घरी सगळी माणसं सतरंजीवर बसतात, खुर्चीला कुणी हात लावत नाही. तानीबाईंनी कोपऱ्यातली खुर्ची मोजली आणि त्या बसल्या.

अनगोळहून आलेल्या आमच्या आत्याबाईंना ते सोसलं नाही. "बघा गं! घरची माणसं खाली आणि ही बाई सिंहासनावर."

"डॉक्टरनं सांगितलंय, आक्का."

"आमच्या बी गुडघ्याला डॉक्टर हाय. आमी बसलोय न्हवं?"

खोलीतलं रडणं थांबलं. तानीबाईंनी माझ्याकडं बघितलं. दोऱ्याचं मला ठाऊक होतं, त्यांनीच कौतुकानं दाखवला होता. माझ्या हातात जपमाळ होती. मी म्हणाले, "क्षणभर बसा हो खाली. मग उठा."

त्या बसल्या. उठायला म्हणून पुढं वाकल्या, आणि आत काहीतरी कट्‌ वाजलेलं मी शेजारी बसून ऐकलं. पाय आत वळला होता, आखूड दिसत होता. त्यांची किंकाळी ऐकून आत्याबाईच ओरडल्या, "अगं, खुर्ची द्या तिला!"

बेळगावात भूल देऊन खुबा जागेवर बसवला. पंधरा दिवसांत कूस बदलताना परत निखळला. पुन्हा ऑपरेशन झालं, मग जखमेत पू झाला. आता तानीबाई वॉकर धरून न्हाणीपर्यंत जातात, तेवढंच. विहारातली वंदनाही सुटली. मी रोज देवापुढं वाकते तेव्हा माझी कंबर नीट वाकते, हे मला आता कळतं.

परवा त्यांच्या घरी गेले. पारमितानं दार उघडलं आणि बाजूला झाली. मी खाटेजवळ फरशीवर बसले. काठी भिंतीला टेकून होती, दोरा तसाच.

"वर बसा, वैनी," तानीबाई म्हणाल्या. "पारमिता, खुर्ची दे त्यास्नी."

"नको, मी खालीच बरी."

"तुमी खाली बसून माझा खुबा जाग्यावर येणार हाय व्हय?"

मी उठले. खुर्चीच्या पायांखाली लेकीनं लाकडी ठोकळे घातले होते. मी बसले तर माझे पाय जमिनीला टेकेनात.