पाळण्याआधी फाइल

टेक्सासमधल्या प्लेनोत आमच्या ओळखीत कुणाकडे बाळ झालं की लोक हॉस्पिटलात फुगे घेऊन जात, डिंकाचे लाडू घेऊन जात. नाना देशकर फाइल घेऊन जात. फिकट हिरवी, आत चार कप्पे असलेली आणि वर ठळक अक्षरांत बाळाचं नाव. नाव ठरलेलं नसेल तर नुसतं 'कु.' किंवा 'चि.' आणि पुढे आडनाव. बाळंतिणीची विचारपूस करायची, बाळाच्या कपाळावरून एक बोट फिरवायचं, आणि मग बापाला खिडकीपाशी घेऊन विचारायचं, "जन्माच्या दाखल्याचा फॉर्म दिला का बे नर्सने?" बाप बिचारा दोन दिवस न झोपलेला आणि नाक कुणाचं आलंय या वादात गुंतलेला. नाना म्हणत, "नाक कुठे पळून नाही जात. आधी कागद, मग कौतुक."

नाना मूळचे नागपूरचे. वय चाळीसच्या आसपास, म्हणजे नाना म्हणवून घेण्याचं नव्हे. पण आम्ही सगळे तिशीच्या आतबाहेरचे आणि सगळेच कागदांना घाबरणारे, त्यामुळे ते आपोआप नाना झाले. एका कंपनीत डेटाबेस सांभाळत. माझ्याच अपार्टमेंटच्या आवारात समोरच्या बिल्डिंगमध्ये राहत. मी पुण्याचा, एवढाच माझा त्यांच्या लेखी परिचय. माझं नाव त्यांनी चार वर्षांत फार तर दोनदा घेतलं असेल. बाकी कायम 'पुणेकर'. "काय पुणेकर, गाडी धुऊन राहिला का? पाऊस येऊन राहिला ना बाप्पा!" आणि खरोखर पाऊस येई.

इतरांच्या कागदांचा असा कैवार घेणाऱ्या या माणसाचे स्वतःचे कागद मात्र अडलेले होते, आणि ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आमचा कामाचा व्हिसा सहा वर्षांचा. त्या मुदतीत ग्रीन कार्डाचा अर्ज ठरावीक पायरीपर्यंत पोचला तर पुढची वर्षं मिळत. नाही तर चंबूगबाळं आवरायचं. नानांच्या पहिल्या कंपनीने वेळेत अर्ज केला, त्यावर काही वाढीव वर्षं मिळाली, आणि मग ती कंपनीच बंद पडली. दुसऱ्या कंपनीने पहिल्यापासून सुरुवात केली, पण उशिरा. त्यांची मुलगी ऋचा मात्र इथेच जन्मलेली, सहाव्या वर्षापासूनच टेक्सासच्या ढंगात इंग्रजी बोलणारी, जन्मानेच अमेरिकन नागरिक. म्हणजे घरात तिघं. त्यातली सर्वांत लहान ती पक्की आणि आईबाप कच्चे. ऋचाने एकदा कपाटात स्वतःच्या नावाची जाडजूड फाइल पाहिली आणि विचारलं, "बाबा, व्हाय डू यू हॅव अ फाइल ऑन मी?" नाना म्हणाले, "तुझ्यावर नाही गं, तुझ्यासाठी."

आता माझ्या शहाणपणाकडे वळतो. २००४ सालची गोष्ट. एका शनिवारी नानांकडे सगळे जमलो होतो. नानांच्या बायकोचे, वैशालीवहिनींचे, साबुदाणे वडे कागदी प्लेटमध्ये, आणि टीव्हीवर वाद चाललेला: या देशात जन्मलेल्या प्रत्येक मुलाला आपोआप नागरिकत्व द्यावं का, आईबाप कागदपत्रांशिवाय आलेले असले तरी द्यावं का. मी तिसऱ्या वड्याच्या बळावर उठलो आणि भाषण ठोकलं. "यार, आपण रांगेत उभे राहून आलो. मुंबईला वकिलातीबाहेर पहाटे पाचपासून! आणि कुणीतरी मेक्सिकोतून नदी ओलांडून येतं, इथे बाळंत होतं, आणि पोर सिटिझन? काही रांगबिंग आहे की नाही?"

माझी बायको मानसी तेव्हा सात महिन्यांची गरोदर. ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्या नजरेचं वर्णन मी टाळतो.

नाना चटणी वाढत होते. म्हणाले, "पुणेकर, तुझं पोर कोणत्या रांगेतून येऊन राहिलं बे?"

सगळे हसले. मी म्हणालो, "नाना, आम्ही कायदेशीर आहोत!"

"तू आहेस ना. पण पोराने अजून कुठे सही केली?"

"म्हणजे तुमच्या मते कुणीही यावं?"

"असं कुठे म्हटलं मी? प्रश्न तुझा वाईट नाही. कुणाला आपलं म्हणायचं ते देशाने ठरवावंच, आपण कोण सांगणारे! पण ठरवताना बापाकडे पाहायचं की पोराकडे? बापाकडे पाहिलं, तर माझी ऋचा कुठलीच नाही. मी इथे आज आहे, उद्या नाही. तिकडे नागपुरात तिला शाळेत घालायला गेलो तर म्हणतील, परदेशी मुलगी. ती काय विमानात राहील?" आणि मग माझ्या प्लेटमध्ये चौथा वडा टाकत, "खा. भाषणाने भूक लागते."

मानसी म्हणाली, "नाना, याला कशाला विचारता? हा फॉर्मवर माझी जन्मतारीखसुद्धा फोन करून विचारतो." त्यावर नाना गंभीरपणे म्हणाले, "विचारतो ना? मग सुधारेल. न विचारणारे मेले."

दोन महिन्यांनी आमची सई जन्माला आली आणि तिसऱ्या दिवशी तिची हिरवी फाइल आली. आतल्या झाकणावर नानांच्या सुवाच्य अक्षरांत चार ओळी: एक, जन्माचा दाखला. दोन, सोशल सिक्युरिटीचा नंबर. तीन, अमेरिकन पासपोर्ट. चार, भारताचा व्हिसा.

पहिल्या तीन ओळींपर्यंत मी आदर्श बाप होतो. पासपोर्टच्या फोटोला तर नाना स्वतः आले. नियम असा की पार्श्वभूमी पांढरी हवी, डोळे उघडे हवेत आणि फोटोत दुसरं कुणी नको. वीस दिवसांच्या बाळाला हा नियम कोण सांगणार? गालिच्यावर पांढरी चादर, चादरीवर सई, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर कॅमेरा घेऊन नाना, आणि सईला जागं ठेवायला किल्ल्या वाजवत मी. अकरा फोटो निघाले. सहांत सई झोपलेली, चारांत माझा हात, आणि एकात, का कोण जाणे, फक्त माझं डोकं. नानांनी तो बराच वेळ न्याहाळला. "पासपोर्ट पोरीचा काढायचा आहे की टकलाचा?" बाराव्या फोटोला सईने एकदम डोळे उघडले आणि नानांकडे असं पाहिलं की जणू तिलाच त्यांची कागदपत्रं तपासायची होती.

चौथ्या ओळीशी मी थांबलो. माझ्या मुलीला भारताचा व्हिसा? मी भारतीय, मानसी भारतीय, आजी-आजोबा कोथरूडचे, मावशी डोंबिवलीची. आणि सहा महिन्यांच्या सईने भारताची परवानगी मागायची? मला वाटलं, नानांना कागदांची हौस आहे, यादी चार ओळींची दिसावी म्हणून टाकली असेल. मी त्या ओळीवर काट मारली आणि शेजारी लिहिलं, 'नानांचा विनोद'.

मग सईचं उष्टावण पुण्यात करायचं ठरलं. हॉल ठरला, गुरुजी ठरले, साठ माणसांना सांगून झालं. डॅलसच्या विमानतळावर काउंटरवरच्या बाईंनी तीन पासपोर्ट घेतले, दोन बाजूला ठेवले आणि तिसऱ्याची पानं पुढून मागे, मागून पुढे उलटली.

"सर, व्हेअर इज द बेबीज व्हिसा?"

"शी इज माय डॉटर," मी म्हणालो.

"शी इज अमेरिकन, सर."

"बट वी आर इंडियन!"

"यू आर," बाई फार मायेने म्हणाल्या.

मागे रांग लागलेली. ज्या रांगेबद्दल मी भाषणं ठोकत असे तीच, आणि आता ती माझ्यामुळे खोळंबली होती. मानसीने सईला कडेवर घेतलं आणि ट्रॉली वळवली. माझ्या लग्नाच्या आयुष्यात इतकी शांतता त्याआधी नव्हती.

गाडीत बसून नानांना फोन केला. मला वाटलं, आता चांगला तासभर ऐकून घ्यावं लागणार. नाना फक्त म्हणाले, "चार नंबर राहिला ना? होते. ह्यूस्टनला आपली वकिलात आहे, सकाळी दिलं तर संध्याकाळी देतात. विमानवाल्यांना परवाचं तिकीट माग. उद्या पहाटे चारला खाली ये, मी येऊन राहिलो."

"नाना, तुमचं ऑफिस?"

"तू एकटा जाशील तर सईच्या जागी स्वतःचा व्हिसा काढून आणशील."

पहाटे निघालो. मी गाडी चालवत होतो, नाना शेजारी फाइल मांडीवर घेऊन. वाटेत त्यांनी ती उघडली आणि आतल्या झाकणावरची माझी काट आणि माझा शेरा वाचला. मी आरशात पाहू लागलो, मागे कुणीच नसताना. फाइल मिटत ते म्हणाले, "अक्षर बरं आहे तुझं."

वकिलातीत नाना म्हणजे मासा पाण्यात. फॉर्मवर सईच्या अंगठ्याचा ठसा हवा होता; तो त्यांनी आदल्या संध्याकाळीच वैशालीवहिनींना पाठवून घेऊन ठेवला होता. व्यवसायाच्या रकान्यात मी 'नाही' लिहायला निघालो तर म्हणाले, "'लहान मूल' लिही. रिकामं काहून राहायचं तिने?" दहा वाजता कागद आत गेले आणि संध्याकाळपर्यंत आम्हाला काही काम उरलं नाही. बाहेरच्या बाकावर बसून आम्ही वहिनींनी दिलेले पराठे खात होतो तेव्हा नानांचा मोबाइल वाजला.

त्यांच्या कंपनीच्या वकिलाचा फोन होता. मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं. "येस. ओके. नो, आय अंडरस्टँड. सो, सेकंड वीक ऑफ मे. थँक यू, थँक यू व्हेरी मच." फोन मिटवून त्यांनी पराठ्याचा उरलेला तुकडा नीट घडी करून खाल्ला.

"काय म्हणाला?"

"नाही जमत म्हणे. आपला अर्ज दोन महिने उशिराचा आहे. मुदत संपली की निघायचं." मग लगेच, "पोरीचा जादाचा फोटो आणला ना? कधी कधी आणखी एक मागतात."

जेव्हा मला काही सुचत नाही तेव्हा मी हटकून काहीतरी मूर्खासारखं बोलतो. म्हणालो, "पण नाना, ऋचा तर सिटिझन आहे! तिच्यामुळे काहीच नाही होत?"

"तुला टीव्हीवरच्या लोकांसारखंच वाटलं ना?" नाना हसले. "पोर जन्मलं की बाप चिकटला! ती एकवीसची होईपर्यंत तिच्याच्याने काही होत नाही बे. आज आठची आहे." मग म्हणाले, "तिला इथे ठेवता येतं म्हणे, कुणा नातेवाइकाकडे. कायदा काही तिला काढत नाही. तिचा हक्क कुणी घेत नाही. फक्त तिच्या हक्कात मी बसत नाही."

संध्याकाळी सईचा व्हिसा मिळाला. परतताना नाना सगळा रस्ता झोपले. घोरलेसुद्धा. पाचव्या मैलाला मला रडू येऊ लागलं होतं, पण एवढं घोरणं ऐकताना माणूस नीट रडू शकत नाही.

पुण्यात सईचं उष्टावण झालं. त्याआधी मुंबईच्या विमानतळावर तिला परदेशी लोकांच्या रांगेत उभं केलं, तेव्हा माझे सासरे काचेपलीकडून हात करत होते आणि मी तिच्या व्हिसाचं पान उघडून धरलं होतं.

मे महिन्यात नानांची पाळी आली. ऋचाला इथे ठेवावं का, यावर आमच्यात सगळ्यांनी मतं दिली. मीही देणार होतो, पण मानसीने पायावर पाय दिला. वैशालीवहिनींनी एका वाक्यात प्रश्न मिटवला: "तिची शाळा बदलली तर चालेल, आई नाही बदलणार." शेवटच्या आठवड्यात नानांनी आम्हा सगळ्यांना घरी बोलावून ज्याची त्याची फाइल त्याच्या हवाली केली, पुढे कधी काय रिन्यू करायचं ते लिहून. तीन बायकांनी डोळे पुसले. नाना म्हणाले, "रडून नका राहू बाप्पा, कागदावर पडेल."

त्यांना विमानतळावर सोडायला मी गेलो. घरून निघताना ऋचाच्या पासपोर्टवरचा भारताचा व्हिसा मी तीनदा तपासला. चौथ्यांदा उघडला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आता पान फाटेल."

काउंटरवर गर्दी नव्हती. तिथल्या मुलीने तिघांचे पासपोर्ट उघडले. आम्हा व्हिसावाल्यांच्या पासपोर्टात देशात शिरताना एक पांढरं कार्ड टाचून देत. तुम्ही किती दिवस राहू शकता ते त्यावर लिहिलेलं असे, आणि देश सोडताना ते परत द्यायचं. तिने वहिनींच्या पासपोर्टातून ते काढलं. मग नानांच्या पासपोर्टातलं काढू लागली, पण तिथली पिन घट्ट बसली होती.

ऋचा टाचा उंचावून बघत होती. "व्हेअर इज माइन?"

"तुझं नसतं गं," नाना म्हणाले.

"व्हाय?"

"जे परत चालले त्यांच्याकडून घेतात ते. तू काही परत नाही चालली. तुझं इथलंच आहे सगळं, तू हवं तेव्हा ये."

ऋचा त्या मुलीकडे वळली आणि शाळेत शिकवतात तशा अदबीने म्हणाली, "मॅम, प्लीज डोन्ट टेक हिज. ही लिव्हज विथ मी."

काउंटरवरच्या मुलीचा हात थांबला. तिने ऋचाकडे पाहिलं, मग नानांकडे, मग उगाचच माझ्याकडे. मी सामानाच्या पट्ट्यांकडे पाहत राहिलो.

नानांनी हळूच तिच्या हातातून आपला पासपोर्ट घेतला. नखाने पिन उचकटली, कार्डाचा कोपरा फाटू न देता ते मोकळं केलं आणि तिच्यासमोर सरळ करून ठेवलं.

"घ्या," ते म्हणाले. मराठीतच.