मल्लाप्पाच्या दोन खणांचं माप

आधीच सांगतो... भूत, भानामती, करणी, नजर यातलं मी काहीही मानत नाही. तालमीत होतो तेव्हा पैज लावून अमावस्येला पंचगंगेच्या घाटावर झोपलोय. नुसता झोपलो नाही, असा घोरलो की पलीकडच्या काठावरच्या कुत्र्यांनी गाव सोडलं. भुताच्या गोष्टींत लोक लिहितात, 'अंगावर सर्रकन काटा आला.' माझ्या अंगावर इतके केस आहेत की काटा आला तरी कुणाला दिसायचा नाही!

तरीपण एक गोष्ट आहे. ती रात्री घडलेली नाही. उन्हात, चहाच्या वेळेला, स्टीलच्या टेपसमोर घडली, आणि अर्धी गल्ली उभी राहून बघत होती. माझी बायको सुशीला म्हणते, मी पावशेर असेल तिथं पायली सांगतो. मान्य. पण यात मी चिमूटभरसुद्धा घातलेलं नाही. बरं, फार तर चिमूटभर.

साल दोन हजारच्या आसपासचं. मंगळवार पेठेत आमची कौलारू बैठी घरं एका ओळीत होती. मधे अंगण, अंगणात नळ, आणि नळावर रोज एक महायुद्ध. आम्ही सगळे भाडेकरू. कोल्हापुरात जुनी घरं फुटात मोजत नसत, खणात मोजत. छताच्या दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. आमचं घर तीन खणाचं. शेजारी मल्लाप्पाचं दोन खणाचं. मान वर करायची, तुळया मोजायच्या, झालं माप. त्यात कधी भांडण झालं नाही, कारण तुळई काही चालत नाही.

मालकानं ती सगळी जागा बिल्डरला विकली. जुनं पाडून अपार्टमेंट. बिल्डर एक दिवस अंगणात खुर्ची टाकून बसला, पांढरे बूट, गळ्यात साखळदंडाएवढी चेन.

"हे बघा, आपला व्यवहार शिंगल, एकच बोलनं. खण-बिण मला कळत न्हाय. ज्याची जागा दोनशे फुटाच्या वर भरंल त्याला हितंच फ्लॅट. खाली भरंल त्यानं चेक घ्यायचा आनि दुसरीकडं बघायचं. टेप दाखवंल ते द्यायचं, ही माझी जबान!"

तालमीतली पोरं भिंतीला टेकून ऐकत होती. ती बघूनच त्यानं 'जबान' हा शब्द जरा जोरात उच्चारला.

आमचं घर दोनशेच्या वर कसंबसं जात होतं. मल्लाप्पाचं मात्र बरंच कमी. म्हणजे तो पेठेबाहेर गेला.

मल्लाप्पा मूळचा निपाणीकडचा. गुळाच्या अडतीवर आयुष्य काढलेला, कपाळाला विभूती, बोलण्यात अर्धं कानडी. बायको वारलेली. एकच मुलगी, गौरा. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. पण गल्लीच्या तोंडाला तिचा एसटीडी बूथ होता, पिवळ्या पाटीचा. अपंगांना मिळायचे तेव्हा, त्यातला. रोज सकाळी एकटी घरातून निघायची आणि बूथवर जायची. कुठे गटाराचं झाकण हललंय, कुठे म्हैस आडवी उभी आहे, तिला सगळं पायाला कळायचं. मुंबईला फोन लावायचा म्हटलं की बोटं अशी फिरायची की समोरच्याची घंटी आधी वाजायची आणि नंबर नंतर पुरा व्हायचा.

"पाचगावच्या पलीकडं खोली मिळतीया म्हनं," मल्लाप्पा मला म्हणाला. "मी जाईन वो सर्जेराव. पन ही? तिथं तिला घराच्या बाहीर पाऊल टाकाय येनार न्हाय. बूथ गेला की ही कोपऱ्यात बसली म्हनून समजा."

बिल्डरचा इंजिनीअर येऊन कच्चं माप घेऊन गेला. सांगलीकडचा चष्मेवाला पोरगा. मल्लाप्पाचं माप त्यानं हळू आवाजात सांगितलं, दवाखान्यात सांगतात तसं. पक्कं माप दिवाळीनंतर, स्वतः बिल्डरच्या समोर.

त्या मधल्या दिवसांत एकदा मी दुकानाला निघालो होतो. रिक्षाच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे माझं. गौरा दारात उभी.

"सर्जूकाका, आमच्या घरात कोन येऊन गेलं काय वो?"

"का गं?"

"माठ हलवलाय कुनीतरी. चुलीपाशी बसलो की माझा हात पोचायचा माठाला. आता पोचत न्हाय. उठून जायाला लागतंय."

मी आत डोकावलो. माठ होता तिथंच, दगडावर. दगड जमिनीत पुरलेला. चूल होती तिथंच. तीही जमिनीत लिंपलेली.

"अप्पानं हलवलं आसंल," मी म्हटलं.

"अप्पा म्हनत्यात, तुझा हातच आखडलाय." ती हसली. मी काही हसलो नाही.

कारण माझ्या डोक्यात लगेच किडा वळवळला. आमची आणि मल्लाप्पाची भिंत सामाईक. आतून खोली वाढवायची तर भिंत सरकवायची कुठे? माझ्याकडे! म्हणजे हा विभूतीवाला म्हातारा माझे फूट खातोय! आणि माझं माप आधीच काठावर. त्याचं दोनशेच्या वर गेलं तर माझं खाली येणार...

घरी येऊन टेप काढला. माझं माप होतं तेवढंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं. तेवढंच. तिसऱ्या दिवशी सुशीलानं टेप हिसकावून घेतला.

"भिंतीला कान लावून काय बसालाईसा? लोक काय म्हनतील?"

"आगं, मल्लाप्पा भिंत कोरालाय."

"त्येला खोकताना धाप लागतीया, भिंत काय कोरतोय!"

तरी मी साखर मागायच्या निमित्तानं गेलो. मल्लाप्पा साखर काढेपर्यंत सगळं न्याहाळलं. भिंतीवर कॅलेंडरचा खिळा, खाली तेलाचा डाग, चुलीमागची काजळी. वर्षानुवर्षांचं सगळं जागच्या जागी. कुठे ताजा चुना नाही, माती नाही. वर बघितलं. तुळया तेवढ्याच, खण दोनच. खाली बघितलं... आणि खरं सांगतो, मला जरा गरगरलं. वर दोन खण होते आणि खाली मात्र ऐसपैस जागा होती. मी दारातून साखरेच्या डब्यापर्यंत गेलो तेव्हा मला वाटलं, आज आपण जास्त चाललो. भिंतीला हात लावला. गरम. आणि म्हशीच्या कुशीसारखी आत-बाहेर... नको, ते राहू दे. सुशीला म्हणते तीच चिमूट ती.

दिवाळी झाली. पक्क्या मापाला बिल्डर आला. अंगणात गर्दी. एकेक घर होत आमचं झालं. दोनशेच्या जरा वर, जसंच्या तसं. माझा जीव भांड्यात पडला. मग मल्लाप्पाचं. टेपचं एक टोक मी धरलं. शेजाऱ्याच्या मापाला शेजाऱ्यानं टोक धरायचं ही आमच्याकडची पद्धत, म्हणजे नंतर कुणी बोलत नाही. मी दाराकडच्या भिंतीला टोक दाबून बसलो. इंजिनीअर डबी घेऊन मागच्या भिंतीकडे निघाला. टेप सुटत गेला... सुटत गेला...

"पोचलो," तो म्हणाला. आवाज जरा लांबून आला. मग टेपवर वाकला, चष्मा पुसला, परत वाकला.

"अरे बोल की!" दारातून बिल्डर ओरडला.

"साहेब, तुम्ही या जरा."

आडवं माप, उभं माप, गुणाकार. दोनशेच्या वर!

बिल्डरनं कच्चं माप काढून बघितलं, मग इंजिनीअरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"टेप सैल सोडलाईसा."

"या की, तुमीच धरा," मी म्हटलं.

त्यानं स्वतः टोक धरलं. तेच माप. कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा टेप आणवला, पाकिटातला. तेच माप. मग बाहेरून घराची लांबी मोजली. ती मात्र पहिल्याएवढीच! बाहेरून लहान आणि आतून मोठं. बिल्डर मल्लाप्पाच्या कॉटवर बसला, वर बघितलं, खाली बघितलं, परत वर बघितलं. पांढऱ्या बुटातला माणूस घामानं भिजला.

"म्हाताऱ्या, काय केलंईस?"

"अय्यो, मी काय करनार साहेब?" मल्लाप्पानं वर तुळयांकडे बोट केलं. "माझं दोन खन हायती. तुमीच मोजा."

"सर्जेराव, तुमी हायसा ह्यात. भिंत तुमच्या बाजूची."

"माझं माप कमी झालंय काय?" मी विचारलं. बिल्डरनं कागद परत चाळले. हे कसं झालं ते मलाही कळत नव्हतं. पण मी ते चेहऱ्यावर दाखवलं नाही.

इंजिनीअर एव्हाना बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरून बसला होता. परत आत यायला तयार नाही. तालमीतलं एक पोरगं मोठ्यानं म्हणालं, "टेप दाखवंल ते द्यायचं, जबान हाय न्हवं?" सगळी गल्ली हसली. बिल्डरनं दात खाऊन करारावर सही केली.

आम्ही सगळे पुढच्या गल्लीत भाड्यानं गेलो. कौलं उतरली, सागवान विकलं गेलं, भिंती पाडल्या. उरलं नुसतं जोतं. आणि एका सकाळी बिल्डरचा निरोप, सगळे या. मल्लाप्पा, गौरा, मी, झाडून सगळे.

उघड्या जोत्यावर मल्लाप्पाची खोली स्पष्ट दिसत होती. भिंतींच्या पायाचे दगड चारी बाजूंनी. चुलीचा काळा डाग एकीकडे, माठाचा दगड दुसरीकडे. बिल्डरनं टेप टाकला. पहिल्या कच्च्या मापाएवढंच! इंचभरही जास्त नाही.

"बघितलासा?" तो गरजला. "फसवनूक! करार रद्द. फ्लॅट न्हाय, चेक घ्या आनि गप चला."

मल्लाप्पानं वाकून टेपवरचा आकडा स्वतः वाचला. मीही वाचला. टेप समोर होता. गौरा मात्र हळू आवाजात म्हणाली, "पन साहेब, खोली मोठी हुती. मी रोज चालत हुतो की."

"बरं? मग चालून दाखव. चुलीपासनं माठापर्यंत. समद्यांच्या समोर. बघू किती मोठी हुती ते."

मला त्याचा राग आला, इतका की त्याला उचलून थेट रंकाळ्यात टाकावं. पण गौरानं चपला काढल्या. तिला चुलीच्या डागापाशी नेऊन उभं केलं. मी जोत्याच्या कडेला, माठाच्या दगडाशी उभा होतो. आमच्या दोघांत अंतर किती? मी लांब ढांग टाकली असती तर दोन-तीन ढांगांत तिच्यापाशी गेलो असतो.

ती चालायला लागली. नेहमीच्या चालीनं, हात जरासा पुढे. चालली. आणि चालतच राहिली... लांबच्या रस्त्यानं येणारं माणूस कसं, पाय हलताना दिसतात पण येऊन पोचत नाही, तशी. मागे चुलीचा डाग होता तिथंच, माझ्यासमोर दगड होता तिथंच. ती दोन्हींच्या मधे होती आणि चालत होती. ऊन लख्ख. तालमीतलं कुणीतरी हसायला लागलं आणि मधेच थांबलं. शेवटी ती दगडापाशी आली, वाकली, नसलेल्या माठातून नसलेलं पाणी घेतल्यासारखं केलं, आणि माझ्या दिशेनं तोंड करून म्हणाली, "हितं हुता न्हवं माठ, काका?"

बिल्डरनं टेप गुंडाळला. गुंडाळताना बोट कापलं, तेही त्याला कळलं नाही. जाता जाता इंजिनीअरला एवढंच म्हणाला, "करारात हाय तसं राहू दे."

फ्लॅट मिळाला. पहिल्या मजल्यावर, आमच्या समोर. इंजिनीअर पोरानं नोकरी सोडली. आता गारगोटीला हार्डवेअरचं दुकान आहे म्हणे, सगळं मिळतं, फक्त टेप ठेवत नाही. बिल्डर अजून रस्त्यात भेटला की माझ्याकडे चोरासारखं... म्हणजे मी चोर असल्यासारखं बघतो.

आणि मी? मला अजून मल्लाप्पाचा संशय आहे. इंजिनीअरला त्यानं काही चारलं होतं का? पण मग बिल्डरच्या हातातला टेप? गौरानं मुद्दाम बारीक पावलं टाकली का? पण ती पावलं बारीक नव्हती, मी बघितली. हिशोब कुठून लावला तरी शेवटी जुळत नाही.

मल्लाप्पा होता तोवर विचारायला जीभ रेटली नाही. तो गेल्यावर एकदा बूथवर गेलो. मोबाईल आले होते, गिऱ्हाईक नव्हतं. सरळच विचारलं, "गौरा, खरं सांग. काय केलतीस?"

"मी कुठं काय केलो काका? मी नुसतं म्हटलो, आमास्नी जागा पुरत न्हाय."

"कुनाला म्हटलीस?"

तेवढ्यात फोन वाजला. ती "हॅलो" म्हणाली आणि मग अर्धा तास कुणाशी तरी कानडीत बोलत बसली. त्यानंतर जितक्या वेळा विचारलं तितक्या वेळा नुसती हसली.

आता हे शेवटचं सांगतो, आणि सुशीलाला कळवू नका. आमच्या बेडरूममध्ये पलंग आणि कपाट घातल्यावर उभं राहायलाही जागा नाही. एकदा ती देवळात गेलेली बघून मी दार लावलं, भिंतीजवळ तोंड नेलं आणि हळूच म्हटलं, "आमास्नी बी जागा पुरत न्हाय."

काही झालं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून बेडरूमचं दार पलंगाच्या पायाला घासायला लागलं. आधी घासत नव्हतं. सुतार म्हणाला, लाकूड फुगलंय. लाकूड पावसाळ्यात फुगतं हे मला माहीत आहे. पण हे एप्रिलमधे झालं.