पपईचा चीक आणि फुरसं

माझ्या दादाच्या उजव्या हाताला आज चारच बोटं आहेत. पाचवं फुरशाने खाल्लं, असं तो हसत सांगतो. मी तिथून उठून जातो, कारण त्या बोटात माझाही वाटा आहे.

मी रत्नागिरीत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो आणि ती खोड घरीही सुटत नाही. एका रविवारी वहिनी मटणाला कच्ची पपई लावत होती. झाला माझा तास सुरू. पपईच्या चिकात विकर म्हणजे एन्झाइम असतं, ते प्रथिनांच्या साखळीतले बंध कापतं, म्हणून मटण लवकर शिजतं. सापाचं विषही प्रथिनच, हे शेपूट मी हौसेने जोडलं. कुणी विचारलं होतं मला?

पुढच्याच आठवड्यात दादा ढासळलेल्या गडग्याचे, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीचे, चिरे उचलत होता. चिऱ्याखालच्या फुरशाने त्याची करंगळी धरली. दादाने कोयतीने सापाचे तुकडे केले आणि तुकड्यांवरही घाव घालत राहिला. मी कॉलेजातून आलो तेव्हा तो पडवीत बसला होता. बोटावर पपईचा चीक थापलेला, हात कोपरापर्यंत सुजून काळानिळा, हिरड्यांतून रक्त. चावून तास उलटला होता.

माझं डोकंच फिरलं. चिकाची वाटी उचलून मी भिंतीवर आपटली. "जीव घ्यायचा होता का त्याचा?" असं वहिनीला बोललो.

"तुमीच सांगितलात ना भावोजी," ती म्हणाली, "चिकान प्रोटीन तुटता, नि विष म्हंजे प्रोटीनच."

चीक कातडीवरच राहिला होता. विष कधीच रक्तात उतरलं होतं, आणि कापणारी विकरं तर त्या विषातच होती. दवाखान्यात डॉक्टरांनी दादाचं रक्त काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं ठेवलं. मग नळी कलती केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. ते गोठवणारी प्रथिनं विषाने तोडून संपवली होती. मी हे दरवर्षी फळ्यावर लिहितो.

प्रतिविषाच्या बाटल्या चढल्या आणि दादा वाचला. बोट सडलं, ते कापावं लागलं.

तो घरी आल्यावर मी वहिनीची माफी मागितली. ती चुलीपाशी होती, वर न बघता म्हणाली, "चूक माझीच. तुमच्यावर इस्वास ठेवला."

आता ती मटण पपईशिवाय तासभर जास्त शिजवते. मी गप्प जेवतो.