जानकीताईंचं पाणी

मी फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. तेवीस वर्षं प्रयोगशाळा चालवतेय आणि माझ्या हाताखाली एकदाही न रडलेला विद्यार्थी शोधावा लागेल. जानकीताई साळसकर मात्र कधी रडल्या नाहीत. "हो मॅडम" म्हणायच्या आणि हातातलं काम पुरं करायच्या.

आमची प्रयोगशाळा साकीनाक्याजवळच्या एका औद्योगिक इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर आहे. खाली लेथ घरघरत असतात, वर आम्ही उंदरांच्या मेंदूतल्या पेशी वाढवतो. विचार करणाऱ्या चेतापेशी नव्हेत; त्यांना खाऊपिऊ घालणाऱ्या, त्यांची उष्टीखरकटी काढणाऱ्या मदतनीस पेशी. हे पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा जानकीताई हसून म्हणाल्या, "म्हणजे माझ्यासारख्याच की!"

त्यांचे वडील, दशरथ, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होते. गिरणी बंद पडली आणि मुलीचं शिक्षण दहावीवर थांबलं. घाटकोपरहून त्या आमच्याकडे बाटल्या धुवायला आल्या, त्याला आता अठरा वर्षं झाली. पेशींना लागणारं पाणी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे आमच्या मोठ्या कुकरात, त्याच निर्जंतुक करतात. प्रत्येक बाटलीवर पट्टी लावून तारीख घालतात आणि तीच तारीख, पाणी कुठल्या बाटलीत केलं त्यासकट, आपल्या वहीत उतरवतात. हे त्यांना कोणीही सांगितलेलं नव्हतं. डॉक्टरेट मिळवलेल्या माणसांनासुद्धा एवढी शिस्त मी लावू शकलेली नाही.

गार्गी ही माझी विद्यार्थिनी. बाईची पाळी गेली की शरीरातलं इस्ट्रोजेन घटतं. त्याचा या मदतनीस पेशींच्या तंतुकणिकांवर, म्हणजे पेशीला ताकद पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांवर काय परिणाम होतो, हा तिचा विषय. एका बशीतल्या पेशींना इस्ट्रोजेन द्यायचं, दुसरीतल्यांना नाही. मग दोन्हींच्या खुराकातली साखर बंद करायची आणि रंग टाकून बघायचं. तंतुकणिका धडधाकट असतील तर लाल चमकतात, थकल्या असतील तर फिक्या पडतात.

गार्गीच्या दोन्ही बशा सारख्याच चमकायच्या. एक नाही, दोन नाही, तीन वर्षं! मध्येच एखाद्या आठवड्यात इस्ट्रोजेन नसलेली बशी फिकी पडायची, पण ते आकडे 'पेशी बिघडल्या' असा शेरा मारून बाद व्हायचे. हा शेरा माझ्याच सांगण्यावरून. डिसेंबरात तिच्या कामाचा आढावा घ्यायला समिती बसणार होती. तोवर फरक दिसला नाही तर विषय बंद, आणि पोरीची तीन वर्षं पाण्यात.

नोव्हेंबरात एका दुपारी जानकीताई गार्गीला घेऊन माझ्या खोलीत आल्या. हातात वही होती.

"मॅडम, हिने बाद केलेले चार आठवडे मी वहीशी लावून बघितले. चारही वेळा पाणी काचेच्या बाटल्यांतलं होतं."

"काचेच्या? त्या तर चार वर्षांपूर्वीच काढून टाकल्या!"

"सहा ठेवल्या होत्या मी. प्लास्टिकच्या कमी पडल्या की त्या काढायचे."

ती प्लास्टिकची खरेदी माझी. एका महिन्यात जानकीताईंच्या हातून दोन बाटल्या फुटल्या होत्या. कुकराची वाफ, त्यात त्या वयात अंगातून उठणाऱ्या वाफा. तळहात घामाने निसटत होते. पाळी जाणाऱ्या बायकांच्या मेंदूवर संशोधन करणारी मी सगळ्यांदेखत त्यांच्यावर ओरडले आणि दुसऱ्या दिवशी न फुटणाऱ्या, टणक प्लास्टिकच्या बाटल्या मागवल्या.

"पण तुम्हाला संशय आला कसा?" मी विचारलं.

"खरां सांगू?" त्या जरा अवघडल्या. "आमच्यात कोकमाचं आगळ, तो आंबट रस हो, प्लास्टिकमध्ये नाय ठेवत. प्लास्टिकची चव उतरते त्यात. आणि आपण तर त्यात पाणी उकळतो, मॅडम."

मी कपाळावर हात मारून घेतला. तापवलं की असं प्लास्टिक पाण्यात एक रसायन सोडतं आणि पेशी त्याला इस्ट्रोजेन समजतात, हे मी वर्गात शिकवलेलं आहे! पेशींचा खुराक आम्ही याच पाण्यात कालवत होतो. म्हणजे इस्ट्रोजेन नसलेल्या बशीलाही ते चोरवाटेने मिळत होतं. आम्ही फेकले ते चार आठवडेच काय ते खरे होते.

पुढचे पंधरा दिवस जानकीताईंनी फक्त काचेत पाणी केलं. बाटली दोन्ही हातांनी, फडक्यात धरून उचलायच्या. कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत. तीन वेळा प्रयोग केला. तिन्ही वेळा इस्ट्रोजेनवाली बशी लाल आणि दुसरी फिकी! गार्गीने त्यांना मिठी मारली तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं सोड, हातात बाटली आहे!"

समितीसमोर मी चूक कोणाची आणि ती पकडली कोणी, दोन्ही नावं घेऊन सांगितलं. गार्गीचं काम मंजूर झालं. जानकीताईंचा मला इतका अभिमान वाटत होता की परत आल्यावर त्यांना खोलीत बोलावून घेतलं आणि कौतुकानेच विचारलं, "हे तुमच्या लक्षात आलं तरी कधी?"

"ऑगस्टात, मॅडम."

"ऑगस्टात? मग तेव्हाच का नाही बोललात?"

"आले होते ना. दोनदा. तुम्ही आत गार्गीलाच झापत होतात, आकडे येत नाहीत म्हणून. म्हटलं, आता माझी भर नको. आधी सगळ्या तारखा नीट लावून घेते."

ऑगस्ट ते नोव्हेंबर. त्या महिन्यांत गार्गी कितीदा डोळे पुसत या खोलीतून बाहेर गेली, ते मी मोजलेलं नाही. मला लाज वाटली. मी त्यांना बसा म्हटलं. त्या खुर्चीच्या अगदी कडेला टेकल्या. अठरा वर्षांत माझ्या खोलीत त्या पहिल्यांदाच बसत होत्या.