घाटाखालचा आकडा

देवासचे भगवंतराव शितोळे एकदा मनावर गावच्या पाळीबद्दल बोलायला लागले, की समोरच्याच्या ताटातलं वरण थंडगार झालंच म्हणून समजा. पाळ म्हणजे मातीचा मोठा बांध. मनावरजवळच्या एका खाणीत दगड धुतल्यावर उरणारा गाळ अडवायला चाळीस वर्षांपूर्वी तिचा आराखडा त्यांनी केला होता. "अजून टीचभर हलली नाही!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. घरातल्या पोराबाळांनाही ते पाठ.

काय दिवस होते हो ते! जीप घाट उतरून निमाडात शिरली की गरम वारा तोंडावर यायचा. त्यांचे वरिष्ठ उमाशंकरजी पुढे बसून सुपारी कातरायचे. दुपारी तंबूत तुपात बुडवलेले कणकेचे बाफले, आणि मग मातीची परीक्षा. ओल्या गाळाची पेढ्याएवढी गोळी तळहातावर घ्यायची अन् दुसऱ्या हाताने त्या हाताला टपटप मारायचं. वर पाणी चमकलं, की हा गाळ हादऱ्यात पातळ होणार. ही विद्या उमाशंकरजींची. ते जाऊन बारा वर्षं झाली, तरी त्यांचं नाव निघालं की भगवंतराव हात जोडायचे.

परवा पुतणी ऋजुता जुनी फाइल घेऊन आली. तीही आता याच कामातली इंजिनिअर. खाणवाल्यांना पाळ आणखी चार मीटर चढवायची होती, आणि जुना हिशोब पक्का आहे म्हणून त्यांनी काकांच्या सहीचाच कागद पुढे केला होता.

"काका, हा भूकंपवाला आकडा कुठून घेतला?"

भगवंतरावांनी चष्मा चढवला. अक्षर त्यांचंच होतं, पण आकडा देवासचा.

आता बोला! त्याचं असं होतं, की कचेरी देवासला, म्हणून एक तक्ता तयारच असायचा. काम उज्जैनचं असो की सोनकच्छचं, भूकंपाच्या रकान्यात, म्हणजे झटका किती जोराचा धरायचा तिथे, तोच आकडा उतरवायचा. "भिया, माळव्याची जमीन हलत नाही," असं उमाशंकरजी म्हणायचे आणि सगळे माना डोलवायचे. पण मनावर माळव्यात कुठे? ते घाटाखाली, नर्मदेच्या अंगाला. तिथे हादऱ्याचा आकडा मोठा धरावा लागतो. दर आठवड्याला घाट उतरणाऱ्या या शहाण्यांपैकी एकालाही ते सुचलं नाही.

"खरा आकडा घातला तर पाळ आजच कच्ची ठरते," ऋजुता म्हणाली. "वर अजून चढवली और झटका आला, तर सगळा गाळ खाली."

"अगं, चाळीस वर्षं उभी आहे ती!"

"चाळीस साल में झटका नहीं आया ना, काका."

भगवंतराव भडकले. कालची पोर आपल्याला शिकवते! पण कागद समोर होता, आणि कागदाशी भांडता येईना. आयुष्यभर मिरवलेली एकुलती एक गोष्ट, आणि तीच चुकीची. त्यांना फार लाज वाटली.

"तुम्ही ही चूक लेखी कबूल केलीत, तर चढवायचं काम थांबेल," ऋजुता हळूच म्हणाली. "तेव्हाची रीतच तशी होती, असं लिहू?"

"रीत कसली डोंबलाची! लिही, जागा न बघता आकडा मी भरला. आणि उमाशंकरजींचं नाव मधे आणू नकोस."

तिने लिहिलं. त्यांनी दोनदा वाचून सही केली.

"पाळीच्या खाली घरं किती आहेत गं?" त्यांनी विचारलं.

"साठ-सत्तर. एक शाळा पण आहे."

"आणि तेव्हा किती होती?"

"ते तुम्हालाच माहीत असणार ना, काका."

भगवंतरावांनी खूप आठवून पाहिलं. पण आठवणार काय? त्यांनी कधी तिकडे पाहिलंच नव्हतं.